दोन देश की एक? आधी दारावरचा शिपाई कोणाचा ते सांगा

इस्रायल-पॅलेस्टाइनवर आपल्याकडे बोलणं निघालं की पाच मिनिटांत ते 'सुरुवात कोणी केली' यावर येतं आणि तिथेच रुतून बसतं. दोघांच्याही जखमांची यादी लांब आहे आणि ती खोटी नाही. पण इथे मला पुढचं बोलायचं आहे. भूमध्य समुद्र आणि जॉर्डन नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात 70 लाखांहून अधिक ज्यू राहतात आणि जवळपास तेवढेच पॅलेस्टिनी. यातलं कोणीही बिऱ्हाड उचलून निघून जाणार नाही. मग इथे राज्य कोणाचं, कसं आणि कुठपर्यंत? यावर जे प्रस्ताव येत राहिले ते कोणते आणि प्रत्येकाचं गाडं कुठे अडतं, एवढंच पाहू.

प्रस्ताव तपासायला मी एक साधी कसोटी वापरतो. रात्री दोन वाजता दारावर थाप पडली, तर बाहेर उभा असलेला शिपाई कोणत्या सरकारचा? आणि ते सरकार निवडताना घरातल्या माणसाला मत देता येतं का? नकाशे, झेंडे, राजधान्या हे सगळं त्यानंतर.

आधी आजचीच परिस्थिती या कसोटीवर घासून बघा. तेल अवीवमधल्या ज्यू माणसाच्या दारात इस्रायली पोलीस येईल आणि त्या माणसाला मत आहे. हैफातल्या अरब माणसाच्या दारातही तोच पोलीस, आणि त्यालाही मत आहे. इस्रायलच्या नागरिकांत साधारण पाचातला एक जण अरब आहे, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊकच नसतं. पूर्व जेरुसलेममधल्या बहुतेक पॅलेस्टिनींकडे कायम रहिवासाचं ओळखपत्र असतं, नागरिकत्व नसतं. महापालिकेसाठी मत देता येतं, संसदेसाठी नाही. वेस्ट बँक म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा, इस्रायलच्या ताब्यातला प्रदेश. तिथल्या नाब्लुस शहरातल्या माणसाकडे दिवसा पॅलेस्टिनी प्राधिकरणाचा, म्हणजे तिथला मर्यादित कारभार पाहणाऱ्या पॅलेस्टिनी सरकारचा, पोलीस येईल आणि रात्री बहुधा इस्रायली सैनिक. तो सैनिक पाठवणाऱ्या सरकारच्या निवडणुकीत नाब्लुसवाल्याला मत नाही. शेजारच्या टेकडीवर, ताब्यातल्या जमिनीवर वसवलेल्या इस्रायली वसाहतीत राहणाऱ्या ज्यू माणसाला मात्र आहे. दोघांनी एकाच रस्त्यावर एकच गुन्हा केला, तर एकाला लष्करी न्यायालयात उभं करतात आणि दुसऱ्याला इस्रायलमधल्या नेहमीच्या न्यायालयात.

म्हणजे 'तोडगा निघत नाही, सगळं अधांतरी आहे' हे म्हणणं तितकंसं खरं नाही. एक व्यवस्था आहे, ती रोज चालते, आणि तिच्यात कोणाला किती हक्क हे तो कुठे आणि कोण म्हणून जन्मला यावर ठरतं. कोणत्याही प्रस्तावाची तुलना या चालू व्यवस्थेशी करावी लागते, कोऱ्या पाटीशी नाही.

इथवर कसं आलं, ते भराभर सांगतो. 29 नोव्हेंबर 1947 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने फाळणीचा ठराव 33 विरुद्ध 13 मतांनी मंजूर केला: एक ज्यू राज्य, एक अरब राज्य आणि जेरुसलेम आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली. ज्यू नेतृत्वाने तो स्वीकारला, अरबांनी फेटाळला. 1948 मध्ये इस्रायल जन्माला आला, युद्ध झालं, सुमारे सात लाख पॅलेस्टिनी पळाले किंवा हाकलले गेले. पुढच्या वर्षांत अरब देशांतून लाखो ज्यूंनाही घरदार सोडावं लागलं. 1949 मध्ये युद्ध थांबलं तेव्हा जी रेषा आखली गेली तिला हिरवी रेषा म्हणतात. तिच्या आतल्या, म्हणजे सुमारे 78 टक्के, भूभागावर इस्रायल होता. वेस्ट बँक जॉर्डनकडे आणि गाझा इजिप्तकडे गेला. 1967च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने हे दोन्ही घेतले. आजचा वाद मुख्यतः या 22 टक्क्यांवर आहे, निदान चर्चेच्या टेबलावर तरी. पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेने 1988 मध्ये अल्जिअर्समध्ये राज्याची घोषणा केली, तेव्हा तिने व्यवहारात याच 22 टक्क्यांवर समाधान मानायची तयारी दाखवली होती. पॅलेस्टिनींच्या मते तडजोड तिथेच होऊन गेली, पुढे ज्याला तडजोड म्हणतात ती त्या तडजोडीची तडजोड.

मग 1993चा ओस्लो करार. इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे अराफात यांचं हस्तांदोलन, मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन, तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. करारात काय होतं हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. त्यात पॅलेस्टिनी राज्याचं वचन नव्हतंच. पाच वर्षांची अंतरिम व्यवस्था होती आणि सीमा, जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सुरक्षा हे विषय 'अंतिम बोलणी' म्हणून पुढे ढकलले होते. भावाभावांच्या वाटणीपत्रात माळरान लिहून द्यावं आणि विहीर, वाट, देवघर 'नंतर बसून ठरवू' म्हणून सोडून द्यावं, तसला हा प्रकार. मधल्या काळात दोन्हीकडच्या विरोधकांनी संधी साधली. 1994 मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका वसाहतवासी ज्यूने नमाज पढणाऱ्या 29 जणांना ठार केलं, हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी इस्लामी संघटनेने बसमध्ये आत्मघाती स्फोट सुरू केले, आणि 4 नोव्हेंबर 1995 रोजी राबिन यांना त्यांच्याच देशातल्या एका ज्यू तरुणाने गोळ्या घातल्या.

ती 'अंतरिम' व्यवस्था अजून चालू आहे. 1995च्या दुसऱ्या करारात वेस्ट बँकचे तीन भाग पडले. 'अ' म्हणजे मोठी शहरं, कारभार आणि पोलीस पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे, सुमारे 18 टक्के. 'ब' म्हणजे गावं, कारभार त्यांचा पण सुरक्षेवर अखेरचा शब्द इस्रायलचा, सुमारे 22 टक्के. उरलेला 'क' भाग, सुमारे 60 टक्के, पूर्णपणे इस्रायलच्या हातात. आकडे वाचून वाटतं, 40 टक्के तर मिळाले. नकाशा पाहिला की कळतं की 'अ' आणि 'ब' हे दीडशेहून अधिक सुटे तुकडे आहेत आणि त्यांच्या भोवती सगळीकडे 'क' पसरलेला आहे. एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर 'क' ओलांडावाच लागतो, म्हणजे नाका आला. प्राधिकरणाचा पैसाही असाच दुसऱ्याच्या हातून येतो. 1994च्या पॅरिस आर्थिक करारानुसार आयात मालावरची जकात आणि इतर कर इस्रायलने गोळा करायचे आणि दरमहा प्राधिकरणाकडे वळते करायचे. भांडण झालं की रक्कम अडते, मग रामल्लाच्या शिक्षकाचा पगार अर्धाच होतो.

आता द्विराष्ट्र तोडगा. जगातली बहुतेक सरकारं आजही याच्याच बाजूने बोलतात. कल्पना सरळ आहे: 1967च्या युद्धाआधीची हिरवी रेषा ही सीमा, इस्रायलला काही मोठ्या वसाहती ठेवायच्या असतील तर त्याने तेवढीच जमीन दुसरीकडे द्यावी, जेरुसलेम दोघांची राजधानी. कसोटीवर हा प्रस्ताव चांगला उतरतो. प्रत्येकाच्या दारात त्याच्याच सरकारचा शिपाई. आणि तो नुसता कागदावरच राहिला असंही नाही. 2008 मध्ये इस्रायलचे पंतप्रधान एहुद ओल्मर्ट यांनी प्राधिकरणाचे अध्यक्ष महमूद अब्बास यांना जवळपास पूर्ण वेस्ट बँक, जमिनीची अदलाबदल धरून, देऊ केली होती. सही झाल्याशिवाय नकाशा हातात देणार नाही म्हणाले. अब्बास यांनी तो परत येऊन आठवणीने कागदावर काढला. ओल्मर्ट तेव्हा भ्रष्टाचाराच्या चौकशीत अडकले होते, खुर्ची जाणार हे उघड होतं, आणि अब्बास यांच्या हातातून गाझा वर्षभरापूर्वीच हमासकडे गेला होता. सही झाली नाही. कोणी कोणाला उत्तर दिलं नाही यावर दोघांच्या आठवणी आजही जुळत नाहीत.

अडतं कुठे? पहिलं, वसाहती. पूर्व जेरुसलेम धरून हिरव्या रेषेपलीकडे आज सुमारे सात लाख इस्रायली राहतात. त्यातले बहुसंख्य रेषेला लागून आहेत, त्यांचा प्रश्न अदलाबदलीत सुटू शकतो. पण लाखाहून अधिक लोक आत खोलवर आहेत. 2005 मध्ये गाझातून आठ-नऊ हजार वसाहतवासी हलवताना इस्रायलला केवढी फौज लावावी लागली ते जगाने टीव्हीवर पाहिलं. आणि आता ई-वन. जेरुसलेम आणि त्याच्या पूर्वेची माले अदुमिम ही मोठी वसाहत यांच्यामधला हा सुमारे 12 चौरस किलोमीटरचा उजाड डोंगराळ पट्टा. तिथे बांधकाम झालं की पूर्व जेरुसलेम वेस्ट बँकपासून तुटतं आणि रामल्लाहून बेथलेहेमला जाणारी पॅलेस्टिनी सलगता मधोमध चिरली जाते. अनेक वर्षं अमेरिकेच्या आणि युरोपच्या दबावाने हे अडून होतं. ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या सुमारे 3,400 घरांना मंजुरी मिळाली. अर्थमंत्री बेझालेल स्मोट्रिच यांनी लपवाछपवी केली नाही; यामुळे पॅलेस्टिनी राज्याची कल्पना गाडली जाईल, असं तेच म्हणाले.

दुसरं, जेरुसलेम. इथे जरा थांबू, कारण 'वाटून घ्या की' असं म्हणणाऱ्यांनी ही जागा नीट पाहिलेली नसते. जुन्या शहरात एक उंच दगडी चौथरा आहे. त्यावर अल-अक्सा मशीद आणि सोनेरी घुमटाची वास्तू आहे. मुसलमानांसाठी ही मक्का-मदिनेनंतरची पवित्र जागा. ज्यूंची दोन्ही प्राचीन मंदिरं इथेच होती, म्हणून त्यांच्यासाठी याहून पवित्र जागा दुसरी नाही. ज्यू जिच्यासमोर प्रार्थना करतात ती पश्चिमेची भिंत म्हणजे याच चौथऱ्याची बाहेरची आधारभिंत. म्हणजे एकाच बांधकामाचा माथा एकाचा आणि बाजू दुसऱ्याची. 2000 साली अमेरिकेतल्या कॅम्प डेव्हिडच्या वाटाघाटींत तर जमिनीवरची आणि जमिनीखालची सत्ता वेगळी करता येईल का यावर गंभीर चर्चा झाली होती! वर प्रत्यक्ष कारभार जॉर्डनशी बांधलेल्या वक्फकडे, दरवाजांवर पोलीस इस्रायलचे. बिगर-मुस्लिमांनी यावं, पण प्रार्थना करू नये, असा 1967 पासूनचा संकेत, जो अलीकडे उघडपणे मोडला जातो आहे. डिसेंबर 2000 मध्ये क्लिंटन यांनी सुचवलेलं सूत्र मला अजूनही सगळ्यांत समंजस वाटतं: अरब वस्त्या पॅलेस्टाइनच्या, ज्यू वस्त्या इस्रायलच्या, चौथऱ्याचा माथा पॅलेस्टाइनकडे, भिंत इस्रायलकडे. पण तोवर दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, पेटला होता आणि क्लिंटन यांच्या कारकिर्दीचा महिनाही उरला नव्हता.

निर्वासितांचा प्रश्न लोकांना वाटतो तितका अशक्य नाही, असं माझं मत. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे नोंदलेले निर्वासित आणि त्यांचे वंशज 59 लाखांच्या घरात आहेत. ते सगळे इस्रायलमध्ये परततील असं धरून बोलणी करणारा पॅलेस्टिनी नेता मी पाहिलेला नाही. पडद्यामागे चर्चा संख्येची आणि भरपाईची होते. जाहीरपणे मात्र हक्क सोडला असं कोणी म्हणू शकत नाही.

सुरक्षेचं तसं नाही, तिथे इस्रायली माणसाची भीती खरी आहे. इस्रायलच्या किनाऱ्यावरच्या नतान्याजवळ हिरवी रेषा आणि समुद्र यांत जेमतेम 15 किलोमीटर अंतर आहे आणि वेस्ट बँकच्या टेकड्यांवरून खालचा सगळा किनारा दिसतो. 2005 मध्ये गाझा सोडला, 2007 मध्ये तिथे हमासची सत्ता आली, आणि 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे 1,200 लोक मारले गेले, 251 ओलीस नेले गेले. 'पुन्हा तेच वेस्ट बँकमध्ये करू?' हा त्यांचा प्रश्न. यावर पॅलेस्टिनी म्हणतात की गाझा सोडला म्हणजे काय केलं? आकाश, समुद्र, बहुतेक नाके तुमच्याच हातात होते, आणि करार तर कोणाशीच केला नव्हता. नंतरच्या युद्धात बृहन्मुंबईहून लहान अशा त्या पट्टीत 60 हजारांहून अधिक माणसं मेली, असं तिथल्या आरोग्य खात्याची आकडेवारी सांगते. इतक्या रक्तानंतर शेजाऱ्यावर भरवसा ठेव असं कोणाला सांगायचं?

दुसरा प्रस्ताव एकाच देशाचा: नदीपासून समुद्रापर्यंत एक राज्य, प्रत्येकाला एक मत. कसोटीवर हा सर्वांत सोपा आहे. काही पॅलेस्टिनी विचारवंत त्याच्या बाजूचे आहेतच, पण इस्रायलचे माजी राष्ट्राध्यक्ष रुवेन रिव्हलिन यांच्यासारखे लिकुड या उजव्या पक्षाचे जुने नेतेही म्हणायचे की देशाचे तुकडे करण्यापेक्षा पॅलेस्टिनींना नागरिकत्व दिलेलं बरं. अडचण संख्येची. जवळपास समसमान लोकसंख्येत 'ज्यूंचं राज्य' ही ओळख टिकत नाही, आणि इस्रायलमधल्या बहुसंख्य ज्यूंसाठी देशाचं कारणच ती आहे. 2018च्या कायद्याने तर इस्रायलमध्ये राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यू जनतेचा, असं लिहूनच ठेवलं.

मताचा हक्क दिला की प्रश्न मिटतो का, हे पाहायला लोद शहर पाहावं. तेल अवीवजवळच्या या गावाचा मराठीशी खराखुरा संबंध आहे. कोकणातून गेलेली अनेक मराठी बोलणारी बेने इस्रायली ज्यू कुटुंबं तिथे स्थायिक झाली. जुलै 1948 मध्ये याच लोदमधून आणि शेजारच्या रामलेमधून हजारो अरबांना हाकललं गेलं होतं. जे राहिले त्यांची आणि नंतर आलेल्यांची मुलं आज शहराच्या सुमारे 30 टक्के आहेत. सगळे इस्रायलचे नागरिक, सगळ्यांना मत. तरी मे 2021च्या ज्यू-अरब दंगलीत सिनेगॉग आणि गाड्या जळाल्या, एक अरब आणि एक ज्यू जिवानिशी गेले, आणीबाणी लावावी लागली. मेलेल्या ज्यू माणसाचं मूत्रपिंड त्याच्या घरच्यांनी दान केलं आणि ते जेरुसलेमच्या एका अरब बाईला बसवलं गेलं. लोद दाखवून कोणी म्हणेल एकत्र राहणं अशक्य, कोणी म्हणेल शक्य. मी एवढंच म्हणेन की मत ही पहिली पायरी आहे, घर नव्हे.

तिसरा प्रस्ताव मला सर्वांत रंजक वाटतो: महासंघ. दोन सार्वभौम राज्यं, पण सीमा खुली, आणि राहण्याचा हक्क नागरिकत्वापासून वेगळा. हेब्रॉनजवळचा वसाहतवासी तिथेच राहील, इस्रायलचा नागरिक म्हणून इस्रायलला मत देईल, पण कायदा पॅलेस्टाइनचा पाळेल. लेबनॉनहून परतलेला पॅलेस्टिनी निर्वासित हैफात राहू शकेल, मत पॅलेस्टाइनला देईल. 'सर्वांसाठी भूमी' नावाची चळवळ हेच मांडते. ती सुरू करणाऱ्यांत इस्रायली पत्रकार मेरॉन रॅपोपोर्ट आहेत आणि बेथलेहेमच्या धेशेह निर्वासित छावणीतले अवनी अल-मश्नी. इस्रायलचे माजी मंत्री योसी बेलिन आणि पॅलेस्टिनी वकील हिबा हुसैनी यांनीही 2022 मध्ये याच वळणाचा आराखडा मांडला. गंमत म्हणजे याच्या जवळ जाणारी कल्पना 1947 मध्ये भारताने मांडली होती. संयुक्त राष्ट्रांच्या अकरा सदस्यांच्या समितीत बहुमत फाळणीच्या बाजूचं होतं; भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी वेगळा अहवाल दिला, की ज्यू आणि अरब घटकांचं एक संघराज्य करा. भारताचे प्रतिनिधी होते लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर अब्दुर रहमान. अहवाल पुरा झाला ऑगस्ट 1947च्या अखेरीस, म्हणजे पंजाबातून प्रेतांनी भरलेल्या आगगाड्या येत होत्या त्याच दिवसांत. तेव्हा तो ज्यूंनाही नको होता, अरबांनाही.

महासंघात कसोटीचं उत्तर गुंतागुंतीचं होतं: शिपाई जागेच्या सरकारचा, मत माणसाच्या राष्ट्राला. म्हणजे हेब्रॉनच्या वसाहतवासीयाच्या दारात पॅलेस्टिनी पोलीस आला तर त्या पोलिसाच्या सरकारवर त्याचं मत नाही. आज नाब्लुसवाल्याची जी तक्रार आहे तीच, फक्त उलटी आणि खूप सौम्य. दोन्हीकडचे न्यायाधीश मिळून बसणारं न्यायालय असेल तर ते निभावेलही. पण त्याला विश्वास लागतो, आणि नेमका तोच संपलेला आहे.

चौथा रस्ता कोणी 'तोडगा' म्हणून मांडत नाही, पण गाडी त्यावरूनच चालली आहे: वेस्ट बँकचा 'क' भाग हळूहळू गिळायचा आणि पॅलेस्टिनींना तुकड्यांत नगरपालिकेपुरतं स्वराज्य द्यायचं. जुलै 2024 मध्ये इस्रायलच्या संसदेने पॅलेस्टिनी राज्याला विरोध करणारा ठराव 68 विरुद्ध 9 मतांनी केला. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1967 पासूनचा ताबा बेकायदा असल्याचा सल्लागारी अभिप्राय दिला. दोन्ही बातम्या एकाच आठवड्यातल्या.

मग फ्रान्स, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर 2025 मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता दिली त्याचा अर्थ काय? मान्यता देणारे देश आता 150च्या वर आहेत. भारत त्यांत 1988 पासून आहे. मान्यतेने दूतावास उघडतो, करारांवर सही करता येते, खटले भरता येतात. नाब्लुसच्या नाक्यावरचा शिपाई मात्र बदलत नाही. संयुक्त राष्ट्रांचं पूर्ण सदस्यत्व हवं तर सुरक्षा परिषदेची शिफारस लागते, आणि एप्रिल 2024 मध्ये तिथे 12 मतं बाजूने असताना अमेरिकेच्या एका नकाराधिकाराने काम अडलं.

गाझात ऑक्टोबर 2025 मध्ये शस्त्रसंधी झाली, तेव्हा इस्रायली सैन्य 'पिवळ्या रेषे'मागे सरकलं आणि निम्म्याहून थोडी अधिक पट्टी त्याच्याच ताब्यात राहिली. नोव्हेंबरमध्ये सुरक्षा परिषदेच्या 2803 क्रमांकाच्या ठरावाने ट्रम्प यांच्या अध्यक्षतेखालचं 'शांतता मंडळ' आणि आंतरराष्ट्रीय फौज यांना मंजुरी दिली. प्राधिकरण सुधारलं, गाझाची उभारणी पुढे सरकली, तर पॅलेस्टिनी राज्याकडे जाणारा मार्ग कदाचित तयार होईल, अशी त्यात जर-तरची भाषा आहे. पुन्हा ओस्लोचीच चाल, अवघड विषय शेवटी.

सुधारणा कोणती, तर माझ्या मते एकच: निवडणूक. पॅलेस्टिनी संसदेची शेवटची निवडणूक जानेवारी 2006 मध्ये झाली आणि हमास जिंकली. 2021 मध्ये पुन्हा घ्यायची ठरली. पूर्व जेरुसलेममध्ये मतदान होऊ देण्याची हमी इस्रायल देत नाही म्हणून अब्बास यांनी ती पुढे ढकलली, आणि हरण्याची धास्ती होती हेही कोणापासून लपलं नाही. हिशेब केला तर अल्जिअर्सच्या त्या घोषणेनंतर जन्मलेल्या वेस्ट बँक-गाझातल्या एकाही माणसाने स्वतःच्या संसदेसाठी अजून मत दिलेलं नाही. तेव्हा कुठल्याही परिषदेत 'द्विराष्ट्र तोडग्याला पाठिंबा' अशी बातमी आली की आत दोन गोष्टी शोधाव्यात: पॅलेस्टिनी मतदानाची तारीख दिली आहे का, आणि ई-वनमधले बुलडोझर थांबवायला कोणी काय किंमत मोजायला तयार आहे.